सदस्य नसतानाही सोशल नेटवर्किंग संकेतस्थळाचे मेल येत राहतात. ते कायमचे कसे थांबवावेत?

प्रश्न: दांडियाबाजार_वाचनालय

सर्वांस नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजार भागात आम्ही काही स्वयंसेवक मिळून एक छोटे मराठी वाचनालय चालवतो. पुस्तकाची मुदत वाढवून घेणे, नव्या पुस्तकासाठी नाव नोंदवणे, दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी भरल्याचे कळवणे, असा सभासदांचा बहुतेक पत्रव्यवहार वाचनालयाच्या जीमेल पत्त्यावर होतो आणि आम्ही आळीपाळीने तो पाहतो. गेल्या काही महिन्यांत एका सोशल नेटवर्किंग संकेतस्थळाच्या मेलांनी या पेटीत एवढी गर्दी केली आहे की सभासदांचे मेल त्यांच्याखाली दबून जातात. कारेलीबागेतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मुदतवाढीसाठी पाठवलेला मेल असाच नजरेआड राहिला, आणि विलंबशुल्काची पावती हाती पडल्यावर ते रागावले ते योग्यच होते.

मेलांचे स्वरूप साधारण असे आहे. "अमुक यांना तुमच्याशी संपर्क जोडायचा आहे" असा पहिला मेल येतो, काही दिवसांनी "अमुक अजून तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत" अशी आठवण येते, आणि मग "तुम्ही ज्यांना ओळखत असाल अशा व्यक्ती" म्हणून अनोळखी चेहऱ्यांची रांग येते. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच एखाद्या सभासदाचे नाव असते, पत्ता मात्र संकेतस्थळाचा असतो. सभासदांना विचारले तर "आम्ही काहीच पाठवले नाही" असे ते शपथेवर सांगतात. याशिवाय "या आठवड्यात तुमच्या प्रोफाइलला भेट देणारे" अशा अर्थाचेही मेल येतात, म्हणजे जणू काही वाचनालयाचे तिथे खाते आहे. सध्या काम पाहणाऱ्यांपैकी कोणीही असे खाते उघडलेले नाही.

तळाशी असलेला अनसबस्क्राइबचा दुवा आम्ही दाबून पाहिला. थोडे दिवस शांतता असते, मग वेगळ्या मथळ्याचे मेल सुरू होतात. असा दुवा दाबणे मुळात सुरक्षित आहे का, की त्यामुळे पत्ता चालू असल्याची खात्रीच त्यांना मिळते? हे सगळे सरळ स्पॅममध्ये टाकावेत का? आणि कायद्याने यावर काही करता येते का? नमुन्यादाखल एका मेलच्या तळाचा मजकूर दुव्यासह खाली उतरवला आहे.

(दुवा नियंत्रकांनी काढून टाकला आहे.)

उत्तर: मांडवीकर

नियंत्रकांनी दुवा काढला हे फार बरे केले. अशा दुव्यात त्या त्या पत्त्याशी बांधलेली अक्षरांची आणि अंकांची लांबलचक मालिका असते, आणि तो दाबणारा मनुष्य म्हणजे त्या पत्त्याचा मालकच, असे संकेतस्थळ धरून चालते. काही संकेतस्थळांच्या मेलमधले दुवे तर थेट खात्याच्या आत नेऊन सोडतात. त्यामुळे असा मेल मदतीसाठी जसाच्या तसा दुसऱ्याला पुढे पाठवणेही टाळावे.

तुमच्या वर्णनावरून मला असे दिसते की संकेतस्थळ एकच असले तरी मेल तुमच्यापर्यंत निरनिराळ्या वाटांनी पोचत आहेत, आणि एका वाटेवर घातलेला अडसर दुसऱ्या वाटेला लागू पडत नाही. "थांबले आणि पुन्हा सुरू झाले" याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पहिली वाट सभासदांच्या पत्तेवहीची. आपण जीमेलवरून कोणाला मेल पाठवला की त्याचा पत्ता "इतर संपर्क" या यादीत आपोआप जाऊन बसतो. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. म्हणजे ज्या ज्या सभासदाने कधीतरी मुदतवाढीसाठी तुम्हाला लिहिले, त्याच्या खात्यात वाचनालयाचा पत्ता साठलेला असण्याची दाट शक्यता आहे. पुढे हा सभासद एखाद्या संकेतस्थळावर नाव नोंदवतो, "तुमच्या ओळखीची माणसे शोधा" असा पडदा समोर येतो, तो "परवानगी द्या" वर बोट ठेवतो आणि संपूर्ण पत्तेवही संकेतस्थळाच्या संगणकावर चढते. पुढच्या पडद्यावर जे सदस्य नाहीत त्यांना आमंत्रण पाठवण्याचा प्रश्न असतो आणि सगळ्या नावांपुढे आधीच खूण केलेली असू शकते. त्यामुळे तुमचे सभासद "आम्ही काहीच पाठवले नाही" म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. आमंत्रणे आपल्या नावाने गेली हे त्यांना खरोखरच ठाऊक नसते, आणि त्यानंतरच्या आठवणी तर संकेतस्थळ स्वतःहून धाडते. संकेतस्थळाचे सदस्य नसलेल्यांनी तळाचा दुवा वापरायचा तो अशा मेलांसाठी. बाकी मजकुरापेक्षा बारीक अक्षरांत, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात "हा मेल अमुक पत्त्यावर पाठवला आहे" असे वाक्य असते आणि त्याच्या शेजारी मदत, गोपनीयता वगैरे शब्दांच्या गर्दीत तो दुवा लपलेला असतो. दाबल्यावर उघडणारे पान घाईने बंद करू नका. काही ठिकाणी तिथे दोन पर्याय असतात, एक फक्त त्या व्यक्तीची आमंत्रणे थांबवण्याचा आणि दुसरा त्या संकेतस्थळाचे सगळेच मेल थांबवण्याचा. पहिला निवडला तर उद्या दुसऱ्या सभासदाच्या नावाने तेच येणार.

दुसरी वाट खात्याची. "तुमच्या प्रोफाइलला भेट" असा मेल खात्यावाचून येत नाही, तेव्हा वाचनालयाच्या पत्त्यावर कोणीतरी खाते उघडलेले आहे असे समजूनच चाला. आधी जुन्या स्वयंसेवकांकडे चौकशी करा. वाचनालयासाठीच उघडलेले खाते असेल तर "पासवर्ड विसरलो" या मार्गाने ते ताब्यात घेता येईल. परंतु एखाद्या अनोळखी व्यक्तीने स्वतःचे खाते उघडताना चुकून तुमचा पत्ता टाकला असेल तर त्या खात्यात शिरू नका. आलेल्या मेलमध्ये "हे खाते माझे नाही" अशा अर्थाचा दुवा असतो, तो वापरा. जीमेल पत्त्यातली टिंबे मोजत नाही, म्हणजे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच धरला जातो, आणि त्यामुळे अशा चुका वाटतात त्याहून जास्त होतात. मेलमध्ये पत्ता टिंबांसह लिहिला आहे की टिंबांवाचून ते उघडून पाहिले तर यावर लगेच प्रकाश पडेल.

खाते तुमचेच निघाले तर सेटिंगमध्ये सूचनांचा विभाग आणि त्यात ई-मेलचा उपविभाग शोधा. आमंत्रणे, वाढदिवस, गटातील हालचाली, सुचवलेली माणसे, आठवड्याचा गोषवारा, संकेतस्थळाच्या स्वतःच्या जाहिराती, अशा प्रत्येक प्रकाराची कळ वेगळी असते आणि तळाचा दुवा सहसा त्यातली एकच कळ बंद करतो. फेसबुकवर ई-मेलसाठी फक्त आवश्यक सूचना ठेवण्याची सोय आहे, तशी एका झटक्याची सोय सगळीकडे नसते. सुरक्षेविषयीचे मेल मात्र खाते आहे तोवर येणारच आणि ते यावेत हेच हिताचे आहे.

दुवा दाबणे सुरक्षित आहे का, याचे उत्तर मेल खरा आहे की बनावट यावर अवलंबून आहे. नुसत्या पत्त्यावरून फसगत होते. फेसबुकच्या अधिकृत सूचना फेसबुकमेल डॉट कॉम या डोमेनवरून (म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या भागावरून) येतात आणि पाहणाऱ्याला तेच बनावट वाटते. संगणकावर जीमेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. मेल कोणत्या डोमेनने पाठवला आणि कोणत्या डोमेनने त्यावर स्वाक्षरी (खरेपणाची संगणकीय खूण) केली, हे तिथे दिसते. तिथे त्या संकेतस्थळाचे नाव असेल तर दुवा बिनघोर दाबा. तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना आधीच माहीत आहे. स्वाक्षरी नसेल किंवा भलत्याच डोमेनची असेल तर कुठलाही दुवा न दाबता तो मेल स्पॅममध्ये टाका.

उत्तर: आजवारोड

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळे मेल निवडून "स्पॅम नोंदवा" हे बटण दाबावे असे माझे स्पष्ट मत आहे. गूगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना घालून दिलेल्या नियमांत स्पॅम म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या मेलांचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवावे आणि 0.3 टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नये असे म्हटले आहे. आपण न मागितलेले मेल पाठवणाऱ्याला हीच भाषा समजते. नम्रपणे त्यांच्या पानावर जाऊन "कृपया पाठवू नका" म्हणण्याची जबाबदारी आपल्यावर का असावी?

उत्तर: मांडवीकर

आमंत्रणांच्या बाबतीत मला आपले म्हणणे मान्य आहे, कारण ती न मागितलेलीच असतात. खाते असताना मात्र हाच उपाय अंगाशी येतो. त्याच डोमेनवरून येणारे पासवर्ड बदलाचे आणि नव्या ठिकाणाहून झालेल्या प्रवेशाचे इशारेही हळूहळू स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊ लागतात, आणि वाचनालयाच्या पेटीत तर तीन जण तीन प्रकारे वागणार. "ब्लॉक करा" याचाही अर्थ एवढाच की पुढचे मेल स्पॅममध्ये जातील; पाठवणाऱ्याकडे काहीही परत जात नाही.

मधला मार्ग म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवते ते अनसबस्क्राइबचे बटण वापरावे. मेलच्या शीर्षभागात दडलेली सूचना वाचून ते दाखवले जाते. त्याची मूळ पद्धत 1998 मध्ये ठरली आणि एका टिचकीत काम होण्याची जोड 2017 मध्ये मिळाली. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या लेखी दिवसाला 5000 हून अधिक) मेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम आणले आणि प्रचाराच्या मेलांत ही सोय देणे व विनंती दोन दिवसांत अमलात आणणे त्यांना बंधनकारक केले. या बटणामुळे बारीक अक्षरांतला दुवा शोधण्याचे कष्ट वाचतात. त्यानेही एका वेळी मेलांची एकच यादी बंद होते, हे मात्र लक्षात असू द्या.

तोवर सभासदांचे मेल दबू नयेत म्हणून एक फिल्टर लावून ठेवा. हे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये होत नाही, त्यासाठी संगणकावरच बसावे लागते. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाची खूण दाबली की एक चौकट उघडते. "प्रेषक" च्या रकान्यात संपूर्ण पत्ता न लिहिता फक्त डोमेन लिहा, कारण आमंत्रण, आठवण आणि गोषवारा वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतात पण डोमेन सहसा एकच असते. मग "इनबॉक्स वगळा" आणि एखादे लेबल निवडा. "हटवा" लगेच निवडू नका. खात्याचा उलगडा होईपर्यंत ते मेल पुरावा म्हणून लागतील.

प्रश्नकर्ता: दांडियाबाजार_वाचनालय

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत याबद्दल आभारी आहोत. सांगितल्याप्रमाणे चौकशी केली. पूर्वी आमच्याकडे काम करणारे आणि आता पुण्याला स्थायिक झालेले एक स्वयंसेवक, त्यांनी पुस्तक प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी वाचनालयाच्या पत्त्यावर खाते उघडले होते आणि प्रदर्शन संपल्यावर ते तसेच पडून राहिले. त्यांच्याशी फोनवर बोलून पासवर्ड बदलून घेतला आहे. फिल्टर लावल्यापासून पेटी पुष्कळ स्वच्छ दिसते.

आता तीन शंका उरतात. खाते कायमचे बंद केले तर आमंत्रणेही थांबतील ना? काही मेल आमच्या जुन्या रेडिफमेल पत्त्यावर आलेले असून तिथून आपोआप जीमेलकडे वळवले जातात; त्यांचे काय करावे? आणि एक नाजूक गोष्ट: आमच्या एका दिवंगत सभासदांच्या नावानेही "तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत" असे मेल येतात. त्यांच्या घरचे लोक आजही वाचनालयात येतात, त्यामुळे हे फार खटकते.

उत्तर: रावपुरा_वकील

कायद्याच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही म्हणून लिहितो.

1909 या क्रमांकावर नोंदवण्याची "डू नॉट डिस्टर्ब" सोय फक्त फोन आणि एसएमएससाठी आहे, ई-मेल तिच्या कक्षेत येत नाही. ती ई-मेललाही लागू आहे असा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचा असतो. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा अधिक उपयोगाचा आहे. त्याच्या कलम 6 नुसार दिलेली संमती परत घेता आली पाहिजे आणि परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. परंतु तुमच्या बाबतीत एक पेच आहे. हा कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे आणि वाचनालयाचा सामायिक पत्ता ही कोणा एका व्यक्तीची माहिती आहे असे म्हणणे कठीण. शिवाय ज्या सभासदाने घरगुती वापरासाठी आपली पत्तेवही चढवली त्याच्यावर हा कायदा लागू होत नाही, कारण व्यक्तिगत किंवा घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर त्यातून वगळलेला आहे. सभासदांना कायद्याचा धाक दाखवण्याच्या फंदात पडू नका.

यातली बहुतेक मोठी संकेतस्थळे अमेरिकेची असल्याने तिथला 2003 चा कायदाही माहीत असावा. व्यापारी मेलमध्ये नकार कळवण्याची सोय असलीच पाहिजे आणि तो नकार कामकाजाच्या 10 दिवसांत अमलात आला पाहिजे असे त्यात आहे. 2008 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्यात भर घातली की नकार नोंदवताना ई-मेल पत्ता आणि आपली पसंती याखेरीज काही मागता येणार नाही आणि एकाहून अधिक पाने पार करायला लावता येणार नाहीत. तेव्हा अनसबस्क्राइबच्या पानावर पासवर्ड किंवा फोन नंबर मागितला गेला तर तिथेच थांबावे.

सभासदांच्या नावाने जाणाऱ्या आठवणींवर तिथे एक गाजलेला खटला झाला आहे. 2013 मध्ये लिंक्डइनविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. पहिले आमंत्रण पाठवायला सदस्याने संमती दिली असे मानता येईल, पण उत्तर न आल्यावर त्याच्या नावाने पुन्हा पुन्हा आठवणी पाठवण्याची संमती त्यात येत नाही, असा मुद्दा प्राथमिक टप्प्यावर न्यायालयाने ग्राह्य धरला आणि 2015 मध्ये कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड केली. दावा आपल्या नावाचा वापर झालेल्या सदस्यांचा होता, मेल मिळालेल्यांचा नव्हे. म्हणून तुमच्यासारख्यांना त्यातून थेट काही मिळणार नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणी नोटीस काढण्यापेक्षा मांडवीकरांनी सांगितलेली कामे आधी पुरी करावीत.

उत्तर: मांडवीकर

उरलेल्या शंकांविषयी.

खाते बंद केल्याने आमंत्रणे थांबतीलच असे नाही, किंबहुना ती नव्याने सुरू होऊ शकतात. आज संकेतस्थळाला तुम्ही सदस्य म्हणून ठाऊक आहात. खाते पुसले की तुमचा पत्ता पुन्हा "सदस्य नसलेला ओळखीचा माणूस" या वर्गात जाऊन पडतो, आणि तो सभासदांनी चढवलेल्या पत्तेवह्यांत अजून आहेच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खात्यातील सगळे ई-मेल प्रकार बंद करा, मग त्या खात्यातून कोणी पत्तेवही चढवली असेल तर ती काढून टाका (नाहीतर तुमच्या सभासदांना वाचनालयाच्या नावाने असेच मेल जात असतील), मग खाते बंद करा, आणि त्यानंतर जे पहिले आमंत्रण येईल त्याच्या तळाच्या दुव्यावरून "सगळे मेल थांबवा" असे नोंदवा. यामुळे तुमचा पत्ता त्यांच्या "यांना पाठवू नये" या यादीत जातो. "आमचा पत्ता तुमच्याकडून पूर्णपणे पुसून टाका" अशी मागणी त्याच वेळी करू नका, कारण पत्ता पुसला तर कोणाला पाठवायचे नाही हेही त्यांना आठवणार नाही. मेल नको म्हणणाऱ्यांची वेगळी यादी त्यांना राखावीच लागते.

वळवलेल्या मेलांबाबत, मेल उघडून मूळ "प्रति" चा पत्ता पाहा. रेडिफमेलचा असेल तर मेलच्या मजकुरातील तळाचा दुवाच दाबा, कारण त्यात जुना पत्ता बांधलेला असतो. वरच्या बटणामागे काही वेळा केवळ एक मेल पाठवण्याची व्यवस्था असते, आणि तो मेल तुमच्या जीमेल पत्त्यावरून जातो. समोरच्या यादीत तर जुना पत्ता असतो, मग नकार जुळत नाही आणि मेल येतच राहतात. जुन्या पत्त्यावर आता सभासदांचे काहीच येत नसेल तर मेल वळवणेच बंद करावे हे सर्वांत सोपे.

दिवंगत सभासदांच्या खात्याबद्दल संकेतस्थळाला कळवता येते. फेसबुकवर असे खाते स्मृतिखाते करण्याची विनंती करता येते. त्यानंतर ते वाढदिवसाच्या आठवणींत आणि "ओळखत असाल" अशा सुचवण्यांत दिसत नाही. लिंक्डइनवरही निधनाची नोंद करण्यासाठी अर्ज आहे. मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा हे काम घरच्यांनीच करणे बरे. असे मेल जातात हे त्यांना माहीतही नसेल. तुमच्या पेटीपुरते त्यांचे नाव असलेल्या एका आमंत्रणावरून नकार नोंदवला की पुरे.

आणि सभासदांना सूचनाफलकावर एवढेच सांगा की आपापल्या खात्याच्या सेटिंगमध्ये "चढवलेले संपर्क" किंवा "संपर्क जुळवणी" असा भाग असतो, तो उघडून जुनी यादी पुसावी आणि फोनमधील जुळवणीची कळ बंद करावी. कळ चालू ठेवून नुसती यादी पुसली तर फोन ती पुन्हा चढवतो.

प्रश्नकर्ता: दांडियाबाजार_वाचनालय

रेडिफमेलचे वळण आजच बंद केले. खात्यातील ई-मेलच्या कळा एकेक करून बंद करत आहोत. "सुचवलेली माणसे" हा प्रकार दोन वेगवेगळ्या विभागांत दोनदा सापडला, म्हणून इतरांनीही शेवटपर्यंत खाली जाऊन पाहावे. दिवंगत सभासदांच्या मुलीशी शनिवारी त्या पुस्तक बदलायला येतील तेव्हा बोलू.